सीटी स्कॅनवरून फुप्फुसाच्या कर्करोगाची स्टेज: मॉडेलच्या आधी पट्टी

फुप्फुसातली २९ मिलिमीटरची गाठ टी१, ३१ मिलिमीटरची टी२, म्हणजे कर्करोगाच्या वर्गवारीत एक पायरी वर. मधले दोन मिलिमीटर म्हणजे सीटीवर जेमतेम दोन पिक्सेल. मी या विषयात शिरलो तेव्हा हे मला ठाऊकच नव्हतं. डेटा उतरवला आणि त्याच रात्री थ्रीडी न्यूरल नेटवर्क पळवायला बसलो. आठवडाभराने एका रेडिओलॉजिस्ट मित्राला निकाल दाखवला, तर आकड्यांकडे न बघताच तो म्हणाला, "स्टेज स्कॅनमध्ये नसते रे, फाइलमध्ये असते." मला वाटलं, नेहमीप्रमाणे तिरकस बोलतोय.

त्या वाक्याचा अर्थ लागायला मला काही महिने लागले. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. तुम्हाला पायथन येतं, वर्गीकरणाचं एखाददुसरं मॉडेल तुम्ही बांधलेलं आहे, पण वैद्यकीय स्कॅनला कधी हात लावलेला नाही, असं धरून चालतो. आणि एक गोष्ट आधीच सांगतो: यातून जे तयार होईल ते शिकण्यासाठी आहे. घरातल्या कुणाचा स्कॅन त्यात घालून निष्कर्ष काढायचा नाही.

स्टेज ठरते कशी

टीएनएम पद्धत फ्रान्समधल्या पिएर दनुआ यांनी १९४०च्या दशकात मांडायला घेतली आणि आज जगभर तीच चालते. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लिम्फ नोड (लसिकाग्रंथी), एम म्हणजे दूरच्या अवयवात पसरलेला आजार. तिघांची सांगड घालून १ ते ४ अशी एकूण स्टेज काढतात.

फुप्फुसाच्या बाबतीत टीचा मोठा भाग सरळ मोजमापाचा आहे. आठव्या आवृत्तीप्रमाणे ३ सेंमीपर्यंत टी१, त्यापुढे ५ पर्यंत टी२, ५ च्या पुढे ७ पर्यंत टी३ आणि ७ च्या वर टी४. त्याखेरीज गाठ छातीच्या भिंतीत घुसली असेल तर आकार लहान असला तरी किमान टी३. हृदय, श्वासनलिका, अन्ननलिका किंवा मणक्यात घुसली असेल तर टी४.

एनचं प्रकरण किचकट. गाठीच्याच बाजूला फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या नोडमध्ये आजार असेल तर एन१. त्याच बाजूच्या मेडियास्टिनममध्ये, म्हणजे दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत असेल तर एन२. विरुद्ध बाजूला किंवा कॉलरबोनच्या वर असेल तर एन३. सीटीवर नोडची आखूड बाजू १० मिमीच्या वर गेली की रेडिओलॉजिस्ट त्याच्याकडे संशयाने बघतो. पण ८ मिमीच्या नोडमध्ये कर्करोग असू शकतो आणि १८ मिमीचा नोड नुसता टीबीचा असू शकतो. आपल्याकडे तर टीबी इतका, की मोठे नोड दिसले म्हणून एन२ लिहून मोकळं होणं शक्यच नसतं. पेट स्कॅनवरही टीबीचा नोड कर्करोगासारखाच उजळतो. शेवटी सुई घालून तुकडा काढतात, पॅथॉलॉजिस्ट तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, आणि मग फाइलमध्ये एन लिहिला जातो. तुमच्या मॉडेलपुढे मात्र फक्त सीटी आहे. सुईने काय आणलं ते त्याला कुठून कळणार?

एमचं तर विचारूच नका. फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत जातो, आणि छातीच्या सीटीत मेंदू नसतो.

आता एक उदाहरण घ्या. दीड सेंमीची गाठ, त्याच बाजूच्या मेडियास्टिनममधल्या एकाच ठिकाणच्या नोडमध्ये आजार, बाकी काही नाही. आठव्या आवृत्तीत ही स्टेज ३ए. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नवव्या आवृत्तीत हीच व्यक्ती, हाच स्कॅन, स्टेज २बी. एकही पिक्सेल बदललेला नाही. मित्राच्या त्या वाक्याचा अर्धा अर्थ इथे लागतो.

प्रश्न लहान करा

म्हणून पहिला सल्ला: "स्कॅनवरून स्टेज ओळखा" हा प्रश्न घेऊ नका. त्याऐवजी टी घ्या. टी छातीच्या सीटीत खरोखर दिसतो, तो कसा ठरतो हे नियमात लिहिलेलं आहे आणि मॉडेल चुकलं तर का चुकलं ते शोधता येतं. एकूण स्टेज दुसऱ्या फेरीत, आणि तीही "१-२ की ३" अशा दोनच कप्प्यांत. मी उलट क्रमाने गेलो होतो.

डेटा

यासाठी सर्वात सोयीचा खुला संच म्हणजे नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्तमधला 'एनएससीएलसी-रेडिओमिक्स' (एनएससीएलसी म्हणजे नॉन-स्मॉल सेल हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार), ज्याला लोक 'लंग१' म्हणतात. 'द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह'वर तो मिळतो. रेडिओथेरपी घेतलेल्या ४२२ रुग्णांचे उपचारापूर्वीचे सीटी, कर्करोगतज्ज्ञांनी आखलेली गाठ, आणि सोबत वय, टी, एन, एम, एकूण स्टेज, कर्करोगाचा प्रकार, किती दिवस जगले, असा तक्ता. आर्काइव्हचं स्वतःचं डाउनलोडर आहे. डिस्कवर ५० जीबी तरी मोकळी ठेवा, कारण पुढे रूपांतरित फाइलीही साठतात.

स्कॅन उतरत असताना तक्ता उघडा आणि एकेक रकाना मोजा. टीच्या रकान्यात एकदोन ठिकाणी '५' सापडेल. टी५ नावाची गोष्ट वैद्यकात नाही. एमच्या रकान्यात कुठेकुठे '३' आहे, आणि एम३ सुद्धा नाही. हे बहुधा "ठरवता आलं नाही" याचे सांकेतिक आकडे असावेत. ते तसेच राहिले तर तुमचं मॉडेल इमानेइतबारे पाचवा वर्ग शिकायला लागेल. अशा ओळी काढून टाका आणि किती काढल्या ते वहीत लिहून ठेवा. एका रुग्णाची गाठ आखलेलीच नाही, तोही बाजूला.

मग एकूण स्टेजचं वाटप बघा. ३बी सर्वात जास्त, पावणेदोनशेच्या आसपास. स्टेज २ सर्वात कमी, जेमतेम चाळीस. म्हणजे डोळे मिटून प्रत्येकाला "३बी" म्हणणारं मॉडेलसुद्धा ४० टक्क्यांच्या वर बरोबर येतं. हा आकडा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. शिवाय यात ३सी कुठेच नाही. ३सी आठव्या आवृत्तीत आली, त्यामुळे हे लेबल त्याआधीच्या नियमांनी दिलेलं आहे हे उघड आहे. याने काय घोटाळा होतो ते पुढे येतंच.

डायकॉमशी ओळख

डायकॉम म्हणजे वैद्यकीय स्कॅन साठवायचं ठरलेलं फाइल-स्वरूप. प्रत्येक स्कॅन म्हणजे शंभर-सव्वाशे डायकॉम फाइलींचं फोल्डर, एक फाइल म्हणजे एक स्लाइस. वाचायला पायडायकॉम किंवा सिंपलआयटीके वापरा. मला दुसरं बरं वाटतं, कारण अंतर, दिशा, मूळ बिंदू हे सगळं ते स्वतः सांभाळतं.

नवखे लोक हमखास पडतात ते स्लाइसच्या क्रमात. फाइलीच्या नावावरून क्रम लावू नका. प्रत्येक फाइलमध्ये ती स्लाइस रुग्णाच्या शरीरात कुठे आहे याचे निर्देशांक असतात, त्यांवरून लावा. नाहीतर छातीच्या मध्येच पोट येतं आणि मॉडेलला त्याचं काही वाटत नाही.

फाइलमधला आकडा म्हणजे घनता नव्हे. त्याला फाइलमध्येच दिलेल्या उताराने (रिस्केल स्लोप) गुणून आणि छेद (रिस्केल इंटरसेप्ट) मिळवून हाउन्सफील्ड युनिट काढावे लागतात. मग हवा उणे १०००, पाणी शून्य, चरबी साधारण उणे १००, हाड शेकड्यांत. छाती बघायला मी उणे १००० ते अधिक ४०० एवढी मर्यादा ठेवतो आणि बाहेरचं कापतो. डोळ्यांनी बघताना मात्र दोन खिडक्या लागतात. फुप्फुसाची खिडकी म्हणजे मध्य उणे ६०० आणि रुंदी १५००. मेडियास्टिनमची म्हणजे मध्य ४० आणि रुंदी ४००. गाठीची कड पहिल्या खिडकीत दिसते, ती हृदयाला चिकटली आहे का ते दुसरीत.

या संचात स्लाइसची जाडी ३ मिमी आहे आणि स्लाइसमधला पिक्सेल साधारण १ मिमी. तिन्ही दिशांना १ मिमी करून घ्या. स्कॅनसाठी रेषीय पद्धत चालेल. मास्कसाठी, म्हणजे कुठला पिक्सेल गाठीत आहे ते ० आणि १ ने सांगणाऱ्या आखणीसाठी, मात्र 'जवळचा शेजारी' हीच पद्धत वापरा, नाहीतर मास्कमध्ये ०.४, ०.७ असे आकडे येतात आणि गाठीची कड विरघळते.

मग मास्क स्कॅनवर ठेवून प्रत्येक रुग्णाची एक प्रतिमा काढा: गाठीचं सर्वात मोठं काप, वर लाल रेघ. ४२१ प्रतिमा. हे काम कंटाळवाणं आहे, चहा घेऊन बसा, पण टाळू नका. आखणीच्या फाइलीत गाठीबरोबर फुप्फुसं, मणक्यातला मज्जारज्जू, अन्ननलिका यांच्याही आखण्या असू शकतात. पहिली रचना उचलली की ती गाठच असेल असं नाही. नाव बघून उचला. माझ्याकडे काही रुग्णांची 'गाठ' मणक्यातून सरळ खाली उतरत होती. ती गाठ नव्हतीच, मज्जारज्जू होता.

आता पट्टी

मॉडेलला अजून हात लावायचा नाही. मास्कवरून तीनच गोष्टी काढा: गाठीची सर्वात लांब रेघ, घनफळ, आणि आडव्या स्लाइसमधला सर्वात मोठा व्यास. पायरेडिओमिक्स या पायथन साधनात तिन्ही तयार मिळतात. आठव्या आवृत्तीच्या नियमात कोणत्याही प्रतलातलं सर्वात मोठं माप धरतात, नुसतं आडव्या स्लाइसमधलं नाही. त्यामुळे उभी लांबट गाठ आडव्या मापावर विसंबलात तर लहान दिसेल.

माप किती चुकू शकतं याचा अंदाजही इथेच येतो. स्लाइस ३ मिमीची. आखणाऱ्याने वर एक आणि खाली एक स्लाइस जास्त घेतली की उंची ६ मिमीने वाढली. २.८ सेंमीची गाठ ३.४ ची झाली आणि टी१ची टी२. घनफळात हे आणखी फुगतं: ३ सेंमीचा गोळा १४ घनसेंमीचा, ५ चा ६५ चा, ७ चा जवळजवळ १८०. टीच्या पायऱ्या व्यासात सारख्या दिसतात, घनफळात मुळीच नाहीत. मॉडेलला घनफळ द्यायचं तर त्याचं लॉग घेऊन द्या.

मग आठव्या आवृत्तीचे नियम जसेच्या तसे लावून प्रत्येकाचा 'आकारावरचा टी' काढा आणि फाइलमधल्या टीसमोर आडवा-उभा तक्ता मांडा. तक्ता विस्कटलेला दिसेल, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सर्वात शिकवणारा अर्धा दिवस तोच. विस्कटण्याची दोन मोठी कारणं. एक, गाठ लहान पण भिंतीत किंवा हृदयात घुसलेली, म्हणून फाइलमध्ये टी३ किंवा टी४. हे खरं वैद्यकीय ज्ञान आहे आणि मॉडेलने शिकावं असं आहे. दुसरं कारण आवृत्तीचं. २००२च्या सहाव्या आवृत्तीत आकाराची एकच रेघ होती, ३ सेंमीची. त्यावर कितीही मोठी असो, आकारामुळे टी२ च. सातवीत ७ सेंमीच्या वर टी३ झाली, आठवीत टी४. ८ सेंमीची एकच गाठ, कुठेही न घुसलेली, पण आवृत्ती बदलली की टी२, टी३, टी४. हा गोंधळ शिकण्यासारखा नाही. तो लेबलमधला गोंधळ आहे आणि कितीही खोल नेटवर्क लावलं तरी तो सुटणार नाही.

म्हणून दोन लेबलं ठेवा: फाइलमधला टी, आणि नियमाने काढलेला टी. मॉडेल कशावर शिकवलं ते प्रत्येक निकालासोबत लिहा.

वाटणी रुग्णांची, स्लाइसची नाही

इथे माझी फजिती झाली ती सांगतो. पहिल्या फेरीत मी स्कॅनच्या स्लाइस सुट्या केल्या, त्या पिसल्या आणि ८०-२० वाटल्या. अचूकता नव्वदीच्या वर. बायकोला उठवून दाखवली. सकाळी लक्षात आलं की एकाच रुग्णाची ४०वी स्लाइस शिकवणीत आणि ४१वी परीक्षेत गेली होती. मॉडेल गाठ ओळखत नव्हतं, माणूस ओळखत होतं. वाटणी रुग्णाच्या क्रमांकावर केली आणि आकडा असा कोसळला की त्या दिवशी बायकोशी या विषयावर बोललोच नाही.

तर वाटणी रुग्णांनुसार, प्रत्येक टीचं प्रमाण सारखं राखून. २० टक्के रुग्ण परीक्षेसाठी कुलपात, शेवटपर्यंत बघायचे नाहीत. बाकीच्यांवर पाच घड्यांची तपासणी (फाइव्ह-फोल्ड क्रॉस-व्हॅलिडेशन), वेगवेगळ्या बीजांनी (रँडम सीड) निदान पाच वेळा. सरासरी-प्रमाणित करणं, वैशिष्ट्यं निवडणं, रिकाम्या जागा भरणं, हे सगळं घडीच्या आत. बाहेर आधी सगळ्यांवर केलंत तर परीक्षेतली उत्तरं शिकवणीत झिरपतात, आणि हे झिरपणं स्लाइसच्या गोंधळासारखं ओरडून सांगत नाही.

आणि एवढं लक्षात घ्या: स्टेज २चे रुग्ण चाळीस, त्यांच्यातले परीक्षेत आठ. एक चुकला की साडेबारा टक्के गेले. अशा आकड्यावर "माझं मॉडेल दोन टक्क्यांनी सरस" म्हणण्यात काही अर्थ नाही.

मॉडेलच्या पायऱ्या

सर्वात खालची पायरी: फक्त लांबी आणि घनफळाचा लॉग, त्यावर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन. हीच तुमची पट्टी. पुढचं प्रत्येक मॉडेल हिच्याशी झुंजणार.

दुसरी पायरी: गाठ कुठे आहे. हे बहुतेक लोक वगळतात आणि मला ते पटत नाही, कारण घुसखोरी ठरते ती जागेवरून. बाझल विद्यापीठ रुग्णालयाचं 'टोटलसेगमेंटेटर' हे खुलं साधन सीटीवरून फुप्फुसं, हृदय, श्वासनलिका, अन्ननलिका, मणके, बरगड्या असे शंभराहून जास्त भाग आखून देतं. त्यावरून प्रत्येक रुग्णासाठी गाठ आणि हृदय यांतलं किमान अंतर, गाठ आणि बरगड्या यांतलं किमान अंतर, गाठीच्या पृष्ठभागाचा किती भाग मेडियास्टिनमला टेकलेला आहे, असे पाच-सहा आकडे काढा. टेकणं म्हणजे घुसणं नव्हे, हे रेडिओलॉजिस्ट लगेच सांगेल. पण दूर असलेली गाठ घुसलेली नाही एवढं तर नक्की कळतं. हे आकडे पट्टीत मिळवा आणि रँडम फॉरेस्ट किंवा एक्सजीबूस्ट लावा.

तिसरी: पायरेडिओमिक्सची पोत वगैरे वैशिष्ट्यं. नेहमीच्या मांडणीत १०७ मिळतात. ४२१ रुग्णांसाठी ही फार झाली, आणि त्यांतली कित्येक वेषांतर केलेलं घनफळच असतात. प्रत्येकाचा घनफळाशी सहसंबंध काढा आणि फार जवळचे असतील ते काढून टाका.

चौथ्या पायरीवर थ्रीडी कन्व्होल्यूशनल नेटवर्क. पायटॉर्चवर चालणारं मोनाय हे साधन वापरा, लहानसं थ्रीडी रेझनेट-१८ पुरे. इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्ही मी बघून घेतले. पहिला: गाठीभोवती घट्ट चौकट कापून ती सगळ्यांसाठी ६४×६४×६४ ला ताणू नका. ताणलं की २ सेंमीची आणि ८ सेंमीची गाठ एकाच मापाची दिसते, म्हणजे टी ज्यावर ठरतो तेच तुम्ही पुसलंत. त्याऐवजी गाठीच्या मध्याभोवती १२८ मिमीचा ठोकळा १ मिमीच्या मापात कापा. दुसरा: डेटा वाढवताना लहान-मोठं करण्याचा पर्याय बंद ठेवा. मांजरं आणि कुत्री ओळखताना तो चालतो, कारण जवळ गेल्याने मांजराचं कुत्रं होत नाही. इथे २० टक्के मोठी केलेली २.७ सेंमीची गाठ टी२ होते आणि लेबल टी१च राहतं. थोडं फिरवणं, थोडी सरकवणी, थोडा गोंगाट एवढंच.

टी१ ते टी४ हा क्रम आहे, चार सुटे रंग नव्हेत. टी१ ला टी२ म्हणणं आणि टी४ म्हणणं ही सारखी चूक नाही. म्हणून 'टी१ च्या वर आहे का', 'टी२ च्या वर आहे का', 'टी३ च्या वर आहे का' असे तीन हो-नाही प्रश्न शिकवा आणि उत्तरांची बेरीज घ्या. नेहमीच्या वर्गीकरणापेक्षा हे लहान डेटावर शहाण्यासारखं वागतं.

गुण मोजताना

नुसती अचूकता सांगू नका. चुकांचा चौकोनी तक्ता, 'वर्गभारित कॅपा' (क्वाड्रॅटिक वेटेड कॅपा, ज्यात चूक जितकी लांबची तितका दंड जास्त), आणि प्रत्येक टीमधले किती पकडले. परीक्षेतले रुग्ण हजार वेळा पुन्हापुन्हा निवडून प्रत्येक गुणाचा पल्ला काढा. पट्टीचा पल्ला आणि नेटवर्कचा पल्ला एकमेकांवर चढत असतील तर पट्टी जिंकली असं समजा. ती फुकट आहे, ग्राफिक्स कार्ड मागत नाही आणि डॉक्टरला समजते.

हे मी आकसाने म्हणत नाही. याच लंग१ संचावर २०१४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये रेडिओमिक्सचा, म्हणजे स्कॅनमधून आकडेवार वैशिष्ट्यं काढण्याचा, गाजलेला शोधनिबंध आला. गाठीच्या पोतावरून रुग्ण किती जगेल याचा अंदाज बांधणारी चार वैशिष्ट्यांची खूण त्यात मांडली होती. २०१९ साली टोरांटोच्या संशोधकांनी ती पुन्हा तपासली. त्यांनी गाठीच्या आतले पिक्सेल चक्क पिसून टाकले, पोत पार नष्ट केला, तरी खूण जवळपास तशीच चालली. ती मुख्यतः गाठीचं घनफळच मोजत होती. एवढ्या मोठ्या गटाच्या हातून हे निसटू शकतं, तर आपल्या हातून निसटणारच.

तीच चाचणी स्वतःवर करा, दोन प्रकारे. मास्कच्या आतले पिक्सेल पिसून पुन्हा परीक्षा घ्या. गुण बदलले नाहीत तर मॉडेल पोत बघत नाही. मग उलट करा: गाठ पूर्ण काळी करून बाकीचा स्कॅन ठेवून मॉडेल पुन्हा शिकवा. आता गुण कोसळायला हवेत. नाही कोसळले, तर ते स्कॅनरची खूण, कॉन्ट्रास्ट (स्कॅन उजळ दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिला होता की नाही, किंवा टेबलाचा आकार असलं काहीतरी शिकलं आहे.

दुसऱ्या गावचा डेटा

त्याच आर्काइव्हवर स्टॅनफर्डचा 'एनएससीएलसी रेडिओजीनोमिक्स' संच आहे, २११ रुग्णांचा. मॉडेल न बदलता त्यावर चालवा. गुण पडतील. पण पडले म्हणून लगेच मॉडेलला शिव्या देऊ नका. ते शस्त्रक्रियेचे रुग्ण, म्हणजे बहुतेक लवकरच्या टप्प्यातले, आणि तिथे गाठ काढल्यावर पॅथॉलॉजीने ठरवलेली स्टेज मिळते. लंग१मध्ये उपचारापूर्वी स्कॅन आणि तपासण्यांवरून ठरवलेली. दोन्हींना टी२ म्हणतात, पण लंग१मधलं म्हणजे सावलीवरून उंची सांगणं आहे, स्टॅनफर्डमधलं म्हणजे मोजपट्टीने मोजणं.

भारतातला डेटा वापरायची संधी मिळालीच तर नीतीसमितीची परवानगी पहिली, कोडची पहिली ओळ नंतर. २०२३चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आणि त्याच वर्षी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) काढलेली आरोग्यातल्या एआयविषयीची मार्गदर्शक तत्त्वं दोन्ही वाचा. नाव-पत्ता फाइलीच्या टॅगमधून पुसणं सोपं आहे. काही जुन्या फाइलींत मात्र रुग्णाचं नाव चित्रातच छापलेलं असतं, कोपऱ्यात, पिक्सेलमध्ये. तो कोपरा स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही फाइल इमारतीबाहेर नेऊ नका. आणि टीबीचे जुने व्रण असलेले रुग्ण वेगळे खुणावून ठेवा. मास्ट्रिख्तच्या डेटावर शिकलेल्या मॉडेलने ते फारसे पाहिलेले नसतात.

चुकांची यादी घेऊन बसा

शेवटची पायरी संगणकाबाहेरची. सर्वात वाईट चुकलेले वीस रुग्ण निवडा, जिथे टी१ आणि टी४ची अदलाबदल झाली ते आधी, आणि एखाद्या रेडिओलॉजिस्टला तासभर मागा. मी त्याच तिरकस मित्राला मागितला. यादीत तिसऱ्या क्रमांकावर एक रुग्ण होता: फाइलमध्ये टी२, माझ्या पट्टीने आणि नेटवर्कने दोघांनीही टी४. आखलेली गाठ दहा सेंमीच्या आसपास. मी म्हटलं, आवृत्तीचा घोटाळा असणार.

त्याने उत्तर दिलं नाही. माउस माझ्या हातातून घेतला, फुप्फुसाची खिडकी बदलून मेडियास्टिनमची केली, तीन स्लाइस खाली गेला आणि करड्या ढिगाच्या मधोमध बोटाने एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे जरा गडद, पलीकडे किंचित उजळ. "ही गाठ," तो म्हणाला, "साडेतीन-चार सेंमी. आणि हे मागचं सगळं मिटलेलं फुप्फुस. गाठीने नळी बंद केली, हवा जाईना, म्हणून ते बसलं. आखणाऱ्याने दोन्ही एकत्र घेतलंय." मी ती रेघ शोधत राहिलो. त्याने बोट काढल्यावर मला ती दिसेना, परत ठेवल्यावर दिसली. मग यादीतला चौथा रुग्ण उघडला.